‘टेस्टेड’ म्हणजे नक्की कशासाठी टेस्टेड?

या वेळचा विषय मेकअप आणि क्रीममधली केमिकल्स. पत्रं इतकी आली की निम्मी पुढच्या अंकात ढकलावी लागली, राग मानू नका. आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं लॅबमध्ये दुसऱ्यांच्या क्रीम विरघळवत बसलेली बाई आहे, त्यामुळे तपासणीबद्दल हक्काने बोलेन आणि औषधाचं विचारलंत तर डॉक्टरकडे पाठवेन.

प्रश्न : ताई, एक व्हिडिओ बघितला. लिपस्टिक हातावर लावायची, वरून सोन्याची अंगठी घासायची, काळी रेघ आली तर लिपस्टिकमध्ये शिसं आहे. मी घरातल्या पाचही घासून बघितल्या, चार काळ्या! चारही फेकल्या. बरोबर केलं ना?

उत्तर : चार लिपस्टिक उगाच गेल्या की हो. हा व्हिडिओ आणि त्याआधी हाच मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय, दर वेळी नवीन कोणीतरी अंगठी घासतंच. होतं काय, की लिपस्टिकमध्ये, फाउंडेशनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड, आयर्न ऑक्साइड असे खनिजांचे बारीक कण असतात, ते चांगले कडक असतात आणि सोनं मऊ. घासलं की अंगठीचंच सोनं झिजतं आणि धातूची एकदम बारीक पूड दिसते काळी. म्हणजे तुम्ही लिपस्टिकची नाही, अंगठीची परीक्षा घेतलीत.

शिसं लिपस्टिकमध्ये असतच नाही असं मात्र नाही. मुद्दाम कोणी घालत नाही, रंगासाठी जी खनिजं वापरतात त्यांच्याबरोबर ते येतं, म्हणून घटकांच्या यादीत ते कधीच दिसणार नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-सौंदर्यप्रसाधनांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, ४०० लिपस्टिक तपासल्या होत्या, सरासरी निघाली १.११ पीपीएम आणि सगळ्यात वाईट निघाली तिच्यात ७.१९. पीपीएम म्हणजे दहा लाख भागात एक भाग. पुढे २०१६ मध्ये त्यांनीच १० पीपीएमच्या वर जाऊ नका असं कंपन्यांना सुचवलं. आता हिशोब करा, साडेतीन ग्रॅमच्या कांडीत १ पीपीएम म्हणजे साडेतीन मायक्रोग्रॅम, अख्ख्या कांडीत मिळून. हे डोळ्याला, अंगठीला, कशालाच दिसणार नाही.

लॅबमध्ये काय करतो तर चिमूटभर लिपस्टिक वजन करून अॅसिडमध्ये टाकून बंद भांड्यात मायक्रोवेव्हमध्ये तापवतो (घरातला मायक्रोवेव्ह नव्हे, कृपा करून कोणी करायला जाऊ नका), पूर्ण पाण्यासारखं झालं की आयसीपी-एमएस नावाच्या मशीनमध्ये सोडतो. तिथे सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही गरम प्लाझ्मा असतो, त्यात सगळ्याचे सुटे अणू होतात आणि मशीन त्यातले शिशाचे अणू वजनावरून ओळखून मोजतं. यातही गोम आहे. अॅसिड कमी पडलं तर मायकासारखी खनिजं पूर्ण विरघळत नाहीत, त्यांच्या आतलं शिसं आतच राहतं आणि रिपोर्ट छान येतो. त्यामुळे दोन लॅबचे आकडे जुळले नाहीत तर लगेच कोणीतरी चोर आहे असं समजू नका, आधी पद्धत विचारा. आणि ते शिशाचे रंग बदलणारे स्वॅब मिळतात ना, ते शिसं असलं की गुलाबी-लाल होतात. लाल लिपस्टिकवर ते कसं वाचणार, तुम्हीच सांगा.

प्रश्न : नाव छापू नका. जाऊबाईंनी एक गोरेपणाची क्रीम दिली, डबीवर नाव आहे पण आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. दोन आठवड्यांत चेहरा इतका उजळला की सगळे विचारायला लागले. आता चार महिने झाले, एक दिवस जरी नाही लावली तरी चेहरा लाल होतो, आग होते, पुळ्या येतात. लॅबला पाठवू का? माझी तीन वर्षांची मुलगी माझ्या कुशीत झोपते म्हणून जास्त भीती वाटते.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा मुलीचंच सांगते. क्रीम आजपासून लावू नका, आणि उद्याच्या उद्या ती डबी बरोबर घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, मुलगी कुशीत झोपते हेही त्यांना न विसरता सांगा. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका.

दोन आठवड्यांत दिसण्याइतका फरक आणि डबीवर यादी नाही, एवढ्यावर माझा संशय दोघांवर जातो. एक पारा, दुसरं स्टेरॉइड. कधीकधी दोघं एकाच डबीत नांदतात, वर तिसरं हायड्रोक्विनोन, हेही रंग उतरवणारं औषधच.

पारा कातडीत मेलॅनिन तयार करणाऱ्या एन्झाइमला अडवतो, रंग उतरतो, लोक खूश होतात. तो कातडीतून आत जातो आणि मुख्यतः मूत्रपिंडांना धरतो, लघवीतून प्रोटीन जायला लागतं, फेस येतो, पायावर-डोळ्याखाली सूज येते. त्याशिवाय झोप उडणं, हात थरथरणं, चिडचिड. आणि जी लावते तिच्यापुरतं ते राहत नाही, म्हणून मुलीचं आधी सांगितलं. टॉवेल, उशीचा अभ्रा, आईचा गाल, या सगळ्यावरून ते मुलापर्यंत पोचतं, शिवाय पाऱ्याची वाफ होते ती सगळं घर श्वासात घेतं. क्रीम न लावणाऱ्या माणसांच्या अंगात पारा सापडलाय, हे मी भीती घालायला सांगत नाहीये. तुमचे टॉवेल-अभ्रे सध्या वेगळे काढून ठेवा आणि डॉक्टरांना विचारून पुढचं ठरवा.

बऱ्याच ठिकाणी क्रीममधल्या पाऱ्याची मर्यादा १ पीपीएम अशी होती. पाऱ्यावरच्या मिनामाता करारात २०२३ साली देशांनी ठरवलं की ही १ पीपीएमची फटसुद्धा नको, पारा घातलेली सौंदर्यप्रसाधनं २०२५ पर्यंत बंदच करायची. भेसळीच्या डब्यांमध्ये मात्र हजारोंच्या घरात आकडे येतात. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये एका बाईच्या क्रीममध्ये १२,००० पीपीएम निघाले, तेही सेंद्रिय पारा (म्हणजे कार्बनशी जोडलेला, ‘नॅचरल’ नव्हे), जो मूत्रपिंडापेक्षा मेंदूवर जातो. ती बोलेनाशी, चालेनाशी झाली. ही केस विरळा आहे, पण त्यातून एक कामाची गोष्ट कळते. नेहमीच्या क्रीममधला पारा लघवीच्या तपासणीत नीट दिसतो, सेंद्रिय पारा बघायला रक्त लागतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, दोन्ही करायचं का.

आता स्टेरॉइड. एक दिवस चुकला की लाल होणं, आग होणं, पुळ्या, हे वर्णन मला जास्त स्टेरॉइडचं वाटतं, कातडीला त्याची सवय लागते आणि काढलं की ती उसळते. त्रास झाला म्हणून परत तीच क्रीम लावली की बरं वाटतं, मग ‘ही क्रीम मला सूट होते’ असं वाटायला लागतं, आणि अशी वर्षं जातात. बंद केल्यावर त्रास होणार हे धरून चाला, तो कसा निभवायचा ते डॉक्टर सांगतील, पण घरच्या घरी सोसत बसू नका.

लॅबला पाठवायचंच असेल तर इथेच लोक फसतात. एक्सआरएफ नावाची पिस्तुलासारखी मशीन असते, डबीवर धरली की मिनिटाच्या आत पारा आहे की नाही सांगते, डबी खराबही होत नाही. रिपोर्ट येतो, ‘पारा आढळला नाही’, आणि माणूस निर्धास्त! पण ती मशीन मूलद्रव्य बघते, स्टेरॉइडचा रेणू तिला ओळखता येत नाही. त्याला एलसी-एमएस लागतं, म्हणजे रेणू वेगळे करून ओळखणारी मशीन, ती वेगळी टेस्ट, वेगळी फी. ‘क्रीम तपासून द्या’ असं सांगितलंत तर लॅबवाला विचारेल कशासाठी, आणि जे सांगाल तेवढंच तो शोधेल. म्हणून लिहून द्या, पारा, स्टेरॉइड आणि हायड्रोक्विनोन.

डबी फेकू नका, तो पुरावा आहे. घट्ट बंद करून प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीत घालून, वर लिहून, मुलीचा हात पोचणार नाही अशी ठेवा. मोरीत ओतू नका, काम झालं की घातक कचरा म्हणूनच द्या. जाऊबाईंशी भांडू नका, त्याही तीच लावत असतील तर त्यांनाही बरोबर घेऊन जा.

(बाकीच्यांसाठी : डबीवर कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक असं काही लिहिलेलं दिसलं, किंवा ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ असा इशारा दिसला, किंवा क्रीम उजेडात राहून करडी पडत चालली, तर ती लावू नका.)

प्रश्न : मी पार्लरमध्ये केस सरळ करायचं काम करते. मशीन फिरवली की धूर येतो, डोळ्यांतून पाणी, घसा धरतो. मालकीण म्हणतात बाटलीवर फॉर्मल्डिहाइड फ्री लिहिलंय, तुला सवय नाही म्हणून होतंय. कस्टमरला पण होतं हे.

उत्तर : सवयीचा प्रश्नच नाही गं, तुझं नाक लेबलपेक्षा खरं बोलतंय.

फॉर्मल्डिहाइड हा मुळात वायू. पाण्यात सोडला की त्याचा मिथिलीन ग्लायकॉल होतो, आणि मग बाटलीवर हे दुसरं नाव टाकून ‘फ्री’ म्हणायला मोकळे. केसाला लावून गरम प्लेट फिरवली की पाणी उडतं आणि तोच वायू परत मोकळा होतो, थेट तुझ्या तोंडासमोर. काही बाटल्यांत दुसरं काही घालतात, ग्लायऑक्सिलिक अॅसिड वगैरे, ते तापवल्यावरसुद्धा फॉर्मल्डिहाइड निघू शकतो. म्हणजे बाटली थंड असताना तपासली तर कधीकधी खरंच काही सापडत नाही! म्हणून या बाबतीत बाटलीबरोबर हवाही तपासावी लागते, तीही काम चालू असताना. त्यासाठी कॉलरला लावायचा छोटा बॅज मिळतो, तो लावून काम करायचं आणि लॅबला द्यायचा. अमेरिकेत कामगारांसाठीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला ०.७५ पीपीएम आहे आणि कुठल्याही पंधरा मिनिटांत २ पीपीएम. तिथल्या ओरेगन राज्यात २०१० मध्ये पार्लरमधल्या बाटल्या तपासल्या तेव्हा ‘फ्री’ लिहिलेल्या बाटल्यांमध्येही भरपूर सापडलं होतं, त्यामुळे तुझ्या मालकीणबाई काही जगावेगळं बोलत नाहीयेत.

कस्टमर वर्षातून दोनदा येते, तू रोज आठ तास तिथे उभी असतेस, तुझा धोका तिच्या कितीतरी पट. फॉर्मल्डिहाइड माणसात कॅन्सर करतो हे आता वादाचं राहिलेलं नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत ३३,००० वर बायकांच्या पाहणीतून असंही दिसलं की वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करण्याची उत्पादनं वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. नेमकं कुठल्या केमिकलमुळे ते त्या पाहणीतून ठरत नाही, आणि हा आजार मुळात कमीच जणींना होतो, म्हणजे ७० वर्षांपर्यंत न वापरणाऱ्या शंभरात साधारण दीड, तर इतक्या वेळा वापरणाऱ्या शंभरात चार. तरीपण.

कापडी मास्क याला काही अडवत नाही, वायू आहे तो. खिडकी आणि बाहेर हवा फेकणारा पंखा, प्लेटचं तापमान कमी, हे लगेच करण्यासारखं. आणि ती बाटली बनवणाऱ्याकडून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे आतल्या केमिकल्सची आणि धोक्यांची माहिती देणारा कागद, मागवायला सांग, त्यात मिथिलीन ग्लायकॉल, फॉर्मॅलिन, मिथेनल, मिथिलीन ऑक्साइड यातलं एक जरी नाव असलं तरी ते फॉर्मल्डिहाइडच. डोळे-घसा रोज धरत असेल तर हे काम सोडून दुसरं काय करता येईल ते बघ असं म्हणणं सोपं असतं, मला माहितीये, पण निदान हे एक ट्रीटमेंट करायला नाही म्हणता आलं तर म्हण.

प्रश्न : पॅराबेन-फ्री घेतलं की सेफ ना?

उत्तर : नाही. पॅराबेन काढलं की त्याच्या जागी दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह घालावंच लागतं, नाहीतर बाटलीत बुरशी आणि बॅक्टेरियाचं घर होतं. पॅराबेनची भीती पसरली तसं कंपन्यांनी मिथाइलआयसोथायझोलिनोन नावाचं एक घ्यायला सुरुवात केली, आणि काही वर्षांत त्वचारोगतज्ज्ञांकडे अॅलर्जीच्या पेशंटची रांग लागली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संबंधित डॉक्टरांच्या संघटनेने त्याला ‘वर्षाचा अॅलर्जन’, म्हणजे अॅलर्जी करणारा पदार्थ, ठरवलं, २०१७ पासून युरोपात न धुता अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ते बंदच झालं. आणि गंमत म्हणजे त्याच संघटनेने २०१९ मध्ये पॅराबेनला ‘अॅलर्जन नसलेला’ म्हणून तोच मान दिला! सगळी पॅराबेन सारखी नाहीत. आयसोप्रोपाइल, आयसोब्युटाइल अशी पाच युरोपने २०१४ मध्ये काढून टाकली, प्रोपाइल-ब्युटाइलवर कडक मर्यादा आहे, मिथाइलचं मला स्वतःला काही वाटत नाही. ‘फ्री’ या शब्दाला मी तरी मार्क देत नाही, काय नाही ते सांगतात, काय आहे ते बारीक अक्षरात.

प्रश्न : मी घरी क्रीम, साबण, मातीचे फेसपॅक बनवून ओळखीत विकते. सगळं नॅचरल. एक गिऱ्हाईक लॅब रिपोर्ट मागतंय. नॅचरलला कशाला रिपोर्ट? आणि मागितलाच तर कुठला करू?

उत्तर : गिऱ्हाईक शहाणं आहे, सांभाळून ठेवा. पारा नॅचरल, शिसं नॅचरल, आर्सेनिक नॅचरल, कॅन्सर करणारा तंतूंचा अॅस्बेस्टॉससुद्धा जमिनीतूनच येतो आणि खाणीत टाल्कच्या (पावडरीत वापरतात त्या मऊ खनिजाच्या) शेजारीच सापडतो. तुमच्या फेसपॅकची माती जिथून येते तिथे जे होतं ते सगळं डब्यात आलं. म्हणून मातीच्या प्रत्येक नवीन लॉटला जड धातूंची टेस्ट, एकदा करून वर्षभर तोच कागद दाखवायचा नाही. टाल्क वापरत असाल तर अॅस्बेस्टॉससाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघून घ्या, साध्या पद्धतीत बारीक तंतू निसटतात.

पण तुमच्या बाबतीत मला धातूंपेक्षा क्रीमची काळजी जास्त आहे. ज्यात पाणी आहे, कोरफडीचा गर आहे, गुलाबपाणी आहे, ते सडणारच. दोन टेस्ट आहेत. एक, आत्ता त्यात किती जंतू आहेत. साधारण ग्रॅमला १००० पर्यंत चालतात, डोळ्यांजवळच्या आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंना १००. दुसरी चॅलेंज टेस्ट, यात लॅब मुद्दाम तुमच्या क्रीममध्ये बॅक्टेरिया, यीस्ट आणि बुरशी सोडते आणि २८ दिवस बघते की तुमचं प्रिझर्व्हेटिव्ह त्यांना मारतंय की नाही. ‘मी प्रिझर्व्हेटिव्ह घालतच नाही’ म्हणणाऱ्यांची क्रीम इथे हमखास पडते. पाणी नसलेला बाम बनवत असाल तर हा ताप बराच कमी. साबणाला काही नाही, पीएच बघा, कॉस्टिक शिल्लक राहिलेलं नसलं म्हणजे झालं.

रिपोर्टवर ‘आढळला नाही’ लिहून आलं की शेजारी बघा, किती पर्यंत मोजता येतं ते लिहिलंय का. जी लॅब २० पीपीएमच्या खाली बघूच शकत नाही तिला १० पीपीएम शिसं कधीच आढळणार नाही. लॅबला आयएसओ १७०२५ ची (तपासणी करणाऱ्या लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची) मान्यता आहे का, आणि ती याच टेस्टसाठी आहे का, हेही विचारा, लाजू नका.

आणि बॅच नंबर टाका. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये बाळांची एक पावडर होती, एका लॉटमध्ये चुकून हेक्साक्लोरोफीन नावाचं जंतुनाशक ६ टक्क्यांच्या वर पडलं, ३६ बाळं गेली. मुळात ते त्या पावडरमध्ये असायलाच नको होतं, फॉर्म्युला ठीक होता, चूक झाली मिसळताना. युरोपातले आजचे कॉस्मेटिकचे कायदे त्यानंतरचे आहेत.

प्रश्न : हेअर डायच्या पाकिटावर ‘डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड’ आहे तरी कानामागे लावून ४८ तास थांबा असं पण आहे. टेस्टेड आहे तर मी परत का करू? दर वेळी करायची का? वेळ कुणाला असतो.

उत्तर : कारण टेस्ट दुसऱ्यांच्या कातडीवर झाली, डाय तुमच्या डोक्यावर जाणार. ‘डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड’चा ढोबळ अर्थ इतकाच, की त्वचेच्या डॉक्टरच्या देखरेखीत काही लोकांना लावून बघितलं. किती लोक, किती दिवस, निकाल काय, हे त्या दोन शब्दांत कुठेच नाही.

कानामागची टेस्ट अॅलर्जीची आहे, विषाची नाही, हा फरक लक्षात ठेवा. काही न झालं म्हणजे डाय निर्दोष असं नाही, तुम्हाला आज अॅलर्जी नाही एवढंच. गडद डायमध्ये बहुतेक पीपीडी नावाचं रंगाचं केमिकल असतं आणि त्याची अॅलर्जी दहा वर्षं सुखाने लावल्यावर अकराव्या वर्षी उगवू शकते, म्हणून हो, दर वेळी. आणि डोक्याचा डाय भुवया-पापण्यांना कधीही नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत लॅश ल्युर नावाचा पापण्यांचा डाय होता, त्यातल्या पीपीडीसारख्या रंगाने बायकांचे डोळे गेले, एकीचा जीव गेला, तेव्हा तिथे कॉस्मेटिकला लागू होणारा कायदाच नव्हता, तो आला १९३८ मध्ये. साध्या क्रीमसाठी मात्र कानामागे एकदा लावून काही कळत नाही, कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर तरी लावून बघा.

प्रश्न : दीड वर्षापूर्वीचा मस्कारा आहे, महागातला, वास थोडा वेगळा येतोय पण सुकलेला नाही. कुठे टेस्ट करून मिळेल?

उत्तर : टेस्ट तुझ्या नाकाने केली की. ट्यूबवर उघड्या डबीचं चित्र असेल, त्यात ६एम लिहिलेलं असतं, उघडल्यापासून सहा महिने. फेक.